मुहूर्ताचा ताका

"डोसाला परत फोल्डिंगला पाठवा. तिथं ताके हातानेच मोजायचे असतात, डोक्याचं काम नाही."

प्लायवूडच्या पलीकडे डाईंग मास्टर बोलले आणि दोघं-तिघं हसले. बोलणं गुजरातीत होतं, आणि पार्टिशन इतकं पातळ होतं की कुजबुजसुद्धा अलीकडे यायची. डोसा म्हणजे म्हातारा. तो म्हातारा माझ्यापासून दहा पावलांवर, काचेच्या बाहेर, ग्रे गोडाऊनच्या खिडकीपाशी टर्मिनलसमोर बसला होता. त्यांनाही ऐकू आलं असणार. त्यांनी मान वळवली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसे ते स्क्रीनकडे बघत होते.

मी घड्याळ बघितलं. त्यांनी लॉट नंबर टाकून चार मिनिटं झाली होती. दिवाळीआधी याच कामाला दोन सेकंदही लागत नसत.

तेव्हा मी सहसा काहीच बोलत नसे.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. सुरतेजवळ पलसाण्याला हायवेच्या कडेला आमची मिल होती, म्हणजे जिथे मी नोकरीला होते ती. लूमवर विणलेलं कोरं कापड, ज्याला सगळे ग्रे म्हणतात, व्यापाऱ्यांकडून आमच्याकडे यायचं, आणि धुऊन, रंगवून, घडी करून परत जायचं. व्यापाऱ्याला पार्टी म्हणायचे. पार्टीचं कापड एकत्र आलं की त्याचा एक लॉट व्हायचा, लॉटमध्ये शंभर-सव्वाशे ताके, म्हणजे कापडाचे तागे, असायचे, आणि लॉट गोडाऊनमधून रंगाईला सोडायचा तर त्याचं छापील कार्ड लागायचं: पार्टी कोण, ताके किती, रंग कुठला, आधी काय प्रक्रिया झाली. कार्डाशिवाय लॉट हलवायचा नाही असा शेठचा नियम होता, कारण एका वर्षी एकाचं कापड दुसऱ्याच्या रंगात गेलं होतं. ते कार्ड कॉम्प्युटर छापायचा. कॉम्प्युटर म्हणजे मी सांभाळत होते ती एक खोली. तिच्याबाहेर चपला काढाव्या लागत आणि अख्ख्या मिलमध्ये तेवढ्याच जागी गारवा होता.

गोडाऊनच्या टर्मिनलवर बसणाऱ्यांना मी मनात आप्पा म्हणत असे. बाकीचे त्यांना समोर काका म्हणत आणि मागे डोसा. त्यांनी फोल्डिंगमध्ये वीस वर्षं काढली होती. तिथे कापडाची कूस, म्हणजे बारीक तंतू, हवेत इतकी उडते की संध्याकाळी लोकांच्या भुवया पांढऱ्या दिसतात. आप्पांची छाती भरून यायला लागली, सिव्हिलच्या डॉक्टरांनी कुसेपासून लांब राहायला सांगितलं, म्हणून शेठनी त्यांना गोडाऊनमध्ये आणलं. तिथे आधी वही होती, मग वहीच्या जागी टर्मिनल आलं. आप्पा कीबोर्ड दोन बोटांनी चालवायला शिकले. प्रत्येक कळ दाबण्याआधी ते तिच्यावर बोट ठेवून क्षणभर थांबायचे. पण आकडा कधी चुकवायचे नाहीत. मला त्यांच्या लॉटमध्ये दुरुस्ती करावी लागल्याचं आठवत नाही.

ते खानदेशातले होते. मीही होते, पण हे मिलमध्ये कुणाला माहीत नव्हतं. माझे वडील दुसरीकडे एका लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे, होते आणि आम्ही नवागामला, खानदेशी कामगारांच्या वस्तीत, राहायचो, एका खोलीत, मागे एक ओटा. वडिलांनी कुठून काय करून मला सिस्टरांच्या शाळेत घातलं. घरी आई-वडील अहिराणी बोलायचे, मी मराठीत उत्तर द्यायची. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर गुजराती. चार भाषा येत होत्या, पण तोंड उघडायची वेळ आली की चारही मागे सरकायच्या आणि एकमेकींना पुढे ढकलायच्या. मिलची मॅटाडोर मला उधन्याला सोडायची. कुठे राहता असं कुणी विचारलं तर मी "उधना साईडला" म्हणायची आणि तिथून पुढे चालत जायची.

आप्पांना मात्र कळलं होतं. मी डबा कॉम्प्युटरच्या खोलीत, दाराकडे पाठ करून खात असे. डब्यात आमची खानदेशी कळण्याची भाकरी असायची. एकदा मागे वळले तर काचेपलीकडून ते बघत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीच्या फळीवर कागदाची पुडी होती आणि तिच्यात हिरव्या मिरचीचा ठेचा, आमच्याकडे करतात तसा, शेंगदाणे घालून. मी तो खाल्ला आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. यावर आमचं कधी बोलणं झालं नाही. त्यांनी ते कुणाला सांगितलंही नाही.

त्या दिवाळीत आम्ही डेटाबेसचं नवं व्हर्जन घातलं होतं. सुरतेत मिलवाल्यांची एक पद्धत आहे: दिवाळीला कुणाचंही कापड घरात ठेवायचं नाही. पंधरा दिवस आधीपासून सगळे धावतात, सगळे लॉट संपवून पार्टीला पोचते करतात, आणि धनतेरशीला गोडाऊन झाडून रिकामं होतं. कॉम्प्युटरमध्येही तेच. संपलेले लॉट जुन्या वर्षाच्या टेबलात जात, चालू लॉटचं टेबल रिकामं. अपग्रेडला याहून चांगली वेळ नव्हती. मुंबईहून एक इंजिनीयर आला, दोन दिवस राहिला, सगळा डेटा टेपवर घेतला, नवं व्हर्जन घातलं, डेटा परत भरला. तो जाताना मला एक कागद देऊन गेला. त्यावर करायच्या कामांची यादी होती. सातवं काम होतं टेबलांची मोजणी करणारी एक स्क्रिप्ट चालवण्याचं. सुट्टीनंतर आठवडाभराने, लॉट भरले की चालव, मग दर महिन्याला, असं त्याने तोंडीही सांगितलं होतं.

या मोजणीचं सांगायला हवं. जुन्या व्हर्जनचं एक बरं होतं: ते हुशार नव्हतं. त्याला नियम ठरवून दिलेले होते. एखादी गोष्ट शोधायची आणि तिची सूची केलेली असेल, तर सूचीतूनच जायचं. रोज तोच रस्ता. नवं व्हर्जन हुशार होतं. ते आधी बघायचं की टेबलात किती ओळी आहेत, आणि त्यावरून रस्ता ठरवायचं. ओळी थोड्या असतील तर सूची कशाला उघडा, सगळं टेबलच वाचून काढू. पण ओळी किती आहेत हे ते दर वेळी स्वतः मोजत नसे. शेवटच्या मोजणीत जो आकडा लिहून ठेवला असेल त्यावर विश्वास ठेवायचं.

लाभपाचमला, दिवाळीनंतरच्या पाचव्या दिवशी, मिल उघडली. त्या दिवशी खरं काम होत नाही. कामगार गावाला गेलेले असतात आणि देवदिवाळीपर्यंत परतत नाहीत. फक्त मुहूर्त होतो. शेठ कुंकवाची वाटी घेऊन एकेका खात्यात फिरले. बॉयलर पेटवला आणि विझवला. रंगाईचं जेट मशीन रिकामंच एक फेरा फिरवलं. फोल्डिंगमध्ये एका ताक्याची घडी झाली. गोडाऊनमध्येही तोच एक ताका आला, कोरा नाही, मुहूर्ताचा म्हणून लाल जॉर्जेटचा, आणि त्याचा लॉट करायला शेठनी आप्पांना मुद्दाम थांबवून घेतलं होतं. ते त्या दिवाळीला गावी गेलेच नव्हते. काकांचा हात शकुनाचा, असं शेठ सगळ्यांसमोर म्हणाले. आप्पांनी नवी टोपी घातली होती. त्यांनी दोन बोटांनी पहिला लॉट टाकला, कार्ड छापून आलं, ते लक्ष्मीपुढे ठेवलं.

मग शेठ माझ्या खोलीत आले. मॉनिटरच्या काचेवर कुंकवाने साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला आणि म्हणाले, "बेन, तमारुं पण करी नाखो." तुमचंही करून टाका. प्रत्येक खात्याने त्या घडीला आपलं काहीतरी काम एकदा करायचं, रिकामं का होईना, अशी ती रीत. सगळे दारात उभे होते. मला काय चालवावं ते सुचेना. टेबलावर इंजिनीयरचा कागद होता. मी सातव्या कामाची स्क्रिप्ट चालवली. अर्ध्या मिनिटात संपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला पेढा दिला, आणि ते गेल्यावर मी यादीत सातव्या कामापुढे बरोबरची खूण केली.

ही खूण मी पुढे महिनाभर रोज बघत होते.

कामगार परतले, लॉट यायला लागले, आणि मशीन दिवसेंदिवस जड होत गेलं. पहिल्या आठवड्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यात कार्डाला अर्धं मिनिट लागायला लागलं. तिसऱ्यात दोन मिनिटं, मग चार. कधीकधी कार्ड येतच नसे, त्याऐवजी तात्पुरती जागा वाढवता येत नाही असा एररचा नंबर यायचा आणि आप्पांना पुन्हा सुरुवात करावी लागायची. उत्तर येत नाही म्हणून ते कळ परत दाबायचे, की तोच प्रश्न, म्हणजे मशीनला केलेली तीच विचारणा, दुसऱ्यांदा रांगेत. मी त्यांना खुणेने सांगितलं की एकदाच दाबा. तेव्हापासून ते हात मांडीवर ठेवून बसायला लागले, आणि डाईंग मास्टरांना दिसायला लागलं की डोसा नुसता बसून असतो.

मास्टरांचाही दोष नव्हता. जेट मशीन तयार करून त्यांची माणसं कार्डासाठी उभी राहायची. वाफ फुकट जायची. ते दिवसातून दहा वेळा गोडाऊनच्या खिडकीशी यायचे आणि "काका, जाग्या का?" असं, जागे झालात का म्हणून, विचारायचे. मग त्यांनी एक वही केली. कुठलं कार्ड किती वाजता मागितलं आणि किती वाजता मिळालं, याची. त्यांना दिसायचं ते एवढंच की एक म्हातारा दोन बोटांनी टाईप करतो आणि कार्ड उशिरा येतं. बाकीच्या टर्मिनलवर एवढा त्रास नव्हता. कारण एका ताक्यासाठी तीन-तीन टेबलं धुंडाळणारा प्रश्न एकट्या आप्पांच्याच स्क्रीनवर होता. हे मला माहीत होतं. मास्टरांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारी मीच होते.

मी शोधत होते, तेही माझ्या पद्धतीने, गुपचूप. आधी गोडाऊनपर्यंतची केबल तपासली, उंदरांनी कुरतडली असेल म्हणून. मग डिस्क. मग तात्पुरती जागा दुप्पट केली. एररचा नंबर थांबला पण वेळ तीच. रोज सकाळी मशीन बंद करून चालू केलं. त्यानंतर तासभर बरं चालायचं, म्हणजे चाराऐवजी तीन मिनिटं, आणि मला उगीच वाटायचं की सापडलं. मॅन्युअलचे तीन जाड खंड होते, ते मी घरी नेऊन वाचले. इंग्रजी वाचण्यापुरतं माझं उत्तम होतं. वाचता वाचता डोळे मिटायचे आणि आई विचारायची, परीक्षा आहे का.

मुंबईला फोन करायचा तर एसटीडीचा फोन शेठच्या केबिनमध्येच. शेठ समोर बसलेले, पार्ट्या बसलेल्या, आणि मी कोपऱ्यात उभी, रिसीव्हर तोंडाशी घट्ट धरून. इंजिनीयर घाईत असायचा पण चांगला होता. त्याने सगळं विचारलं. मेमरी किती, किती लोक एका वेळी, डिस्कवर जागा किती. मग म्हणाला, मोजणीची स्क्रिप्ट चालवलीस ना? मी म्हटलं, हो.

कधी, असं त्याने विचारलं नाही. मला सांगता आलं असतं. दोन शब्द जास्त बोलले असते तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पण शेठ माझ्याकडे बघत होते, एक पार्टी चहाचा कप हातात घेऊन थांबली होती, आणि मला फक्त तो फोन संपायला हवा होता. त्याने मेमरी वाढवायचा सल्ला दिला. मी तो शेठना एका वाक्यात सांगितला. शेठ म्हणाले, मशीन नवीन, व्हर्जन नवीन, आता मेमरी पण नवीन? आणि हसले. पण त्या हसण्यात चिडही होती.

त्यानंतर मी मॅन्युअलमधला एक उपाय करून पाहिला. कार्डाच्या प्रश्नात मशीनला सरळ सूचना लिहिता येते, की बाबा, तुझं डोकं चालवू नकोस, हीच सूची वापर. कार्ड तीन सेकंदांत आलं. आप्पांनी काचेतून माझ्याकडे बघून मान हलवली. पण प्रश्नाचा तोच भाग माल रवाना करणाऱ्यांची स्क्रीनही वापरत होती, आणि तिथे ती सूची नेमकी उलटी पडत होती. तासाभरात त्यांचा आरडाओरडा सुरू झाला. दुपारी मी सूचना काढून टाकली. आप्पांचं कार्ड पुन्हा चार मिनिटांवर गेलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या दाराशी आले. चपला बाहेर काढल्या, पण आत आले नाहीत. उंबऱ्याशी उभे राहून, इकडेतिकडे बघून, पहिल्यांदाच माझ्याशी अहिराणीत बोलले.

"आज बी रुसेल शे का?"

मशीन अजून रुसलेलंच आहे का, असं. मी हो म्हणून मान हलवली.

"माले वाटस, मन्हा बोटंच जड शेतस," ते म्हणाले, आणि आपल्या बोटांकडे बघून हसले.

मला नाही म्हणायचं होतं. कुठल्या भाषेत म्हणावं हे ठरेपर्यंत ते चपला घालून निघून गेले होते.

त्याच आठवड्यात शेठनी ठरवलं. मला कुणी विचारलं नाही, मी ते पार्टिशनपलीकडून ऐकलं. सोमवारपासून गोडाऊनच्या टर्मिनलवर उधन्याच्या टायपिंग क्लासमधली एक मुलगी बसणार, आणि काका फोल्डिंगला. शेठना वाईट वाटत होतं असं त्यांच्या आवाजावरून वाटलं. माणूस इमानदार आहे, ते म्हणत होते, पण मशीनची रफ्तार त्याच्या हाताला झेपत नाही. मास्टर म्हणाले, फोल्डिंगमध्ये कोपऱ्यात पंख्याजवळ जागा देऊ. मी मनात म्हटलं, पंखा कूस घालवत नाही, फिरवतो.

शुक्रवारी सकाळी मी सगळं सोडून एकच गोष्ट केली. मशीनला विचारलं की हा प्रश्न तू कुठल्या रस्त्याने सोडवतोस, ते लिहून दे. अशी सोय नव्या व्हर्जनमध्ये होती. मी ती तिसऱ्या खंडाच्या शेवटी वाचली होती आणि अवघड वाटून बाजूला ठेवली होती. रुंद कागदावर प्रिंटर करकरत तो रस्ता छापत गेला. मी कागद फाडून जमिनीवर पसरला आणि गुडघ्यांवर बसून बोटाने एकेक ओळ वाचली. लॉटचं टेबल: पूर्ण वाचा. ताक्यांचं टेबल: पूर्ण वाचा. प्रक्रियेचं टेबल: पूर्ण वाचा. तेही एकदा नाही. प्रत्येक ताक्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. जणू एक माणूस सव्वाशे ताक्यांसाठी सव्वाशे वेळा अख्खं गोडाऊन पालथं घालत होता, आणि भिंतीवर टांगलेल्या यादीकडे त्याने एकदाही बघितलं नव्हतं.

असं कुणी का करील? गोडाऊनमध्ये एकच ताका आहे असं वाटलं तरच.

मग मी मोजणीचा लिहून ठेवलेला आकडा काढला. चालू लॉट: एक. ताके: एक. त्यापुढे तारीख होती. ती वाचायची गरज नव्हती, तरी वाचली. लाभपाचम.

मी किती वेळ जमिनीवर बसले होते आठवत नाही. आनंद झाला नाही. महिनाभर शोधलेली गोष्ट सापडली की माणसाला हलकं वाटावं, पण मला फक्त झोप आली, खूप जुनी. मॉनिटरवरचा साथिया कुणी पुसला नव्हता. त्याच्या मागून मी महिनाभर मशीनकडे बघत होते. मशीनने काही चुकवलं नव्हतं. मुहूर्ताच्या दिवशी जे दाखवलं त्यावर ते विश्वास ठेवून होतं, आणि तसंच इमानाने मरमर काम करत होतं.

उपाय सोपा होता: मोजणी पुन्हा करायची. पण आता टेबलं भरलेली होती. लोक काम करत असताना ती चालवली तर सगळंच अडकेल, म्हणून शनिवारी सकाळी, पहिलं टर्मिनल सुरू व्हायच्या आत करायचं मी ठरवलं. आणि दुसरंही एक ठरवलं, ते लिहायला आज बरं वाटत नाही. मी ठरवलं की कुणाला सांगायचं नाही. शनिवारी आप्पा बसतील, कार्ड दोन सेकंदांत येईल, मास्टरांच्या वहीत तशी वेळ पडेल, दिवसभर पडत राहील, आणि संध्याकाळपर्यंत शेठ आपणच म्हणतील की काका, तुम्ही इथेच बसा. माझ्या मुहूर्ताबद्दल कुणाला कळायची गरज नाही. मला बोलावं लागणार नाही. मी घरी जाताना उधन्यापासूनचं अंतर त्या दिवशी जरा भराभर चालले.

शनिवारी मी पहिल्या शिफ्टच्या रिक्षाने आले. मोजणीला वीस मिनिटं लागली. मग रस्ता पुन्हा छापून बघितला: सूची, सूची, सूची. स्वतः एक लॉट टाकून बघितला. एंटर दाबलं आणि डोळा मिटायच्या आत कार्ड. रवाना करणाऱ्यांची स्क्रीनही तपासली, तीही नीट होती. मी मोजणीचा आजचा आकडा डायरीत लिहून ठेवला आणि चेहरा धुऊन आले.

परत आले तेव्हा गोडाऊनच्या खिडकीशी गर्दी होती. शेठ स्वतः आले होते. मास्टर वही घेऊन उभे होते. आणि खुर्चीवर आप्पा नव्हते, एक मुलगी होती, माझ्याहून लहान, दोन वेण्या, मांडीवर ओढणी घट्ट दाबून धरलेली. सोमवारी येणार होती ती शनिवारीच आली होती, ट्रायल म्हणून. आप्पा तिच्या मागे उभे राहून तिला लॉट नंबर कुठे टाकायचा ते दाखवत होते, हळू, एकेका चौकटीवर बोट ठेवून. ती हो काका, हो काका म्हणत होती.

तिने दहा बोटांनी नंबर टाकला आणि एंटर दाबलं. प्रिंटर लगेच बोलायला लागला.

सगळ्यांच्या माना प्रिंटरकडे वळल्या. मग मास्टर हसले. त्यांनी वही मिटली, बगलेत धरली आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, बघितलं ना? मशीन महिनाभर आजारी नव्हतंच." सगळे हसले. शेठही हसले, जरा सुटल्यासारखे. मुलगी घाबरून स्वतःच्या हातांकडे बघत होती. आप्पांनी कार्ड प्रिंटरमधून फाडून घेतलं, उजेडात धरून सगळे आकडे वाचले, बरोबर आहे म्हणून मान हलवली, आणि तिच्यासमोर ठेवलं. दोष आपल्याच बोटांचा होता हे त्यांना खरोखर पटलं होतं. ते मला सहन झालं नाही. मास्टरांचं हसणं मी गिळलं असतं. पण आप्पांनी आपली दोन्ही बोटं मुठीत घेऊन हात मागे बांधले होते.

मी काचेच्या आत होते. दार ढकललं आणि अनवाणी बाहेर आले. गोडाऊनची फरशी गरम होती आणि पायाला कूस चिकटत होती. माझ्या हातात डायरी होती आणि तिच्यात सातव्या कामापुढची खूण असलेला तो कागद. शेठनी माझ्याकडे बघितलं, कारण मी त्या खोलीतून न बोलावता कधी बाहेर आले नव्हते. मी गुजरातीत सुरुवात करणार होते. तोंडातून आली ती मराठी, आणि घरात बोलते तितक्याच आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या.

"शेठ, आप्पांना इथून हलवू नका. मुहूर्ताला गोडाऊनमध्ये एकच ताका होता तेव्हा मोजणी मी केली, आणि महिनाभर मशीन तेवढाच ताका धरून बसलं. आज सकाळी ते मीच नीट केलं, या मुलीने नाही. आप्पांचा हात पहिल्यापासून याच वेगाने चालतो, उशीर त्याने होत नव्हता."